विसरलेला वजनकाटा

कुठंही बाळंतिणीच्या धुरीचा, ओवा-शेपांचा वास आला की मला पिंपरी पेंढारची ती खोली आठवते. खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी, आणि मला सारखं रडू यायचं. बाळाचं वजन करायला आशाताई आली, ती नेमकी सासूबाईंची भाची. बाळाला काट्याच्या झोळीत ठेवता ठेवता तिनं हळूच विचारलं, "झोप लागती का? लई रडू येतं का?" मी म्हटलं, "नाय." हिला सांगितलं की चुलीपाशी सासूबाईंच्या कानावर पोचणार, याची मला खात्रीच होती. मी दाराकडं कान दिला, तर ती सासूबाईंना सांगत होती, "मावशी, वजन रोज बघावं लागंल." वजन तर चांगलं भरलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. मग ही खोटं का बोलली? माझा संशय वाढलाच. ती रोज यायची, तेच विचारायची, मी तेच "नाय" सांगायचे. पाचव्या दिवशी ती काटाच घरी विसरून आली आणि सरळ माझ्याजवळ बसली. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "किती भरलं गं?" तिनं पिशवी चाचपली आणि तिचा चेहरा उतरला. वजन हे नुसतं निमित्त, ती माझ्यासाठीच येत होती, हे तेव्हा उमगलं, आणि मीच आतून ओरडले, "कालच्यापेक्षा वाढलंय!" मग दार लोटलं आणि तिला म्हटलं, "ताई, झोप नाय लागत." ती सासूबाईंची भाची, म्हणून मी आजही कान देऊन असते; चुलीपाशी अजून काही पोचलेलं नाही.