रिकाम्या खोक्याला कुंकू

बुधवार, २२ जानेवारी २०२५. थंडी कमी. दूध उतू गेले. कानिफनाथचे पार्सल आजही नाही.

एवढं लिहून रत्नमालाबाई भिंगारदिव्यांनी पेनाला टोपण लावलं. भिंगारच्या वेशीजवळ पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. खाली कानिफनाथ शिंप्याचं दुकान आणि बिऱ्हाड. त्याचं भरतकामाचं मशीन जुनं. नक्षी घरच्या कॉम्प्युटरवर काढायची, फ्लॉपीवर घ्यायची आणि ती फ्लॉपी मशीनला द्यायची. दुसरं काही ते घेतच नसे. कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह संक्रांतीच्या आधी बंद पडला. नवा दिल्लीहून यायचा होता. तोवर एका शाळेच्या बँडचे, कोटाच्या खिशावरचे बिल्ले अडले होते. सव्वीस जानेवारीच्या संचलनाला ते मिळाले नाहीत तर पुढची सगळी कामं पुण्याला देऊ, असं शाळेनं सांगून टाकलं होतं.

बाईंच्या खोलीत त्यांच्या मिस्टरांचा कॉम्प्युटर होता, तसल्याच ड्राइव्हचा. मिस्टर गेल्यापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चहून आल्यावर बाई तो चालू करत, ड्राइव्हची खडखड ऐकत आणि बंद करत. डायरीत लिहीत: चालू आहे. त्यावरचं कापडी झाकण कानिफनाथनंच शिवलेलं. पण त्यानं विषय काढला नाही, आणि बाईंनीही नाही. पार्सल येणारच होतं.

गुरुवारी दुपारी ते आलं. बाई खाली गेल्या तेव्हा कानिफनाथची आई साळूबाई ताट घेऊन तयारच होती.

"आये, आधी बसवू तर दे!"

"गप रं. नवी वस्तू हाय. बिनपूजेची चालवतो व्हय?"

तिनं हळद लावली, कुंकू लावलं. तेवढ्यानं मन भरेना म्हणून वरून आणखी चिमूटभर सोडलं. ते नेमकं फटीतून आत सांडलं.

बसवल्यावर ड्राइव्ह करकरला. फ्लॉपी बाहेर आली ती लाल होऊन. कानिफनाथनं फुंकर मारली, ब्रश फिरवला, दुसरी घातली. तीही लाल.

"लई झ्याक," त्याची बायको धनश्री म्हणाली. "आता शाळेला ह्येच पाठवा. बिल्ले म्हनून."

साळूबाई कोपऱ्यात बसली. ताट मांडीवर तसंच.

"पाना-पेचकस घेऊन वर ये," बाई म्हणाल्या.

कानिफनाथनं मान वर केली. "मावशी, ते साहेबांचं हाय."

"कोणाचं आहे ते ठाऊक आहे मला. रोज पुसते मी."

"मग रविवारची खडखड? आमाला खाली ऐकू येती ती."

"बरं झालं. आता दुपारची झोप मोडणार नाही तुझी."

बाईंचा ड्राइव्ह खाली आला तशी साळूबाई ताट घेऊन उठली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"बघता काय? मला बी कळतंय," ती म्हणाली, आणि दिल्लीहून आलेल्या रिकाम्या खोक्याला तिनं कुंकू लावलं.

पहिलीच फ्लॉपी चालली. दिवेलागणीला मशीन सुरू झालं. वर तांदूळ निवडताना बाईंना पायांखालची फरशी बारीक थरथरताना जाणवत होती. तांदूळ झाल्यावर त्यांनी डायरी उघडली.

गुरुवार, २३ जानेवारी. कॉम्प्युटर कॉटखाली ठेवला. टेबलावर पिठाचा डबा.