चार दिवसांची ओळख पुरत नाही

भंडारा-गोंदिया जिल्हे वेगळे झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मी लाखांदूरजवळच्या एका अंगणवाडीत मदतनीस म्हणून रुजू झाले. सेविका होत्या विमलताई. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याऐवजी माझ्या कडेवरच्या तान्ह्या लेकीकडे बघून विचारलं, "हे कोनाकडे पाहते?" बाई जरा विचित्रच आहेत, असं मला वाटलं.

तान्हं बाळ आधी लहान पोरांकडे बघतं, मग आईच्या वयाच्या बायकांकडे आणि म्हाताऱ्यांकडे सगळ्यात शेवटी, असा ताईंचा अनुभव. म्हणून वजनाच्या दिवशी त्या काट्यासमोर पोरं बसवत. बाळ त्यांच्यात रमलं की काट्याला टांगलेली झोळी हलायची थांबे आणि वजन नीट वाचता येई.

हे शिकून मी स्वतःला शहाणी समजू लागले. ऐन धानाच्या रोवणीत एक आजी पाच महिन्यांचा नातू घेऊन आल्या. मी पोरं समोर बसवली, खुळखुळा वाजवला, पण बाळ बघेना. मी कार्डावर 'नजर स्थिरावत नाही' असं लिहिलं आणि त्याच्या आईला निरोप धाडला. बिचारी चिखलाच्या पायांनी रडत आली. ताईंनी आजींना पुढं बसवलं, तसं बाळ खुदकन हसलं.

ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ज्याच्या मांडीवर दिस जाते, त्याचंच तोंड लेकराले दिसते. लिहाच्या आधी इचारत जा."

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या आहेत आणि घरात एकट्या असतात. मुलगा दूरच्या शहरात. मागच्या दिवाळीत तो सात महिन्यांच्या बाळाला घेऊन चार दिवस आला. बाळानं शेजारची पोरं पाहिली, मला पाहिलं, पण ताईंकडे वळून बघितलं नाही. "त्याची काय चूक? माही मांडीच त्याले ठाऊक नाही," असं म्हणून ताई आत गेल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

माझ्या कडेवरची ती तान्ही लेक आता स्वतः आई झाली आहे. तिच्या मुलीला मी रोज दुपारी ताईंच्या मांडीवर नेऊन ठेवते. परवा खोलीभर पोरं खेळत होती. नातीनं सगळ्यांना सोडून, मलाही सोडून, ताईंकडे मान वळवली. खरं सांगते, मला हेवा वाटला. ताई हळूच म्हणाल्या, "मलेच पाहून राहिली वं." आणि दाराकडे बघत राहिल्या.

ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आणि येत्या दिवाळीला त्यांचा नातू चार दिवसांपेक्षा जास्त राहो.