सहाणेवरची मुळी

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं झाडपाल्याचे अर्क काढून तपासणीला पाठवते. त्यामुळे नातेवाइकांत माझं नाव ‘पाल्याची मॅडम’ पडलंय. कुणाला मूतखडा झाला की मला फोन, कुणाचे केस गळाले की मला फोन. मी चिडते, लोक हसतात आणि पुन्हा फोन करतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या छातीत गाठ लागली तेव्हा मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. तूर काढून झाली, मळणी झाली, मग ती मिरजगावहून एसटीत बसून नगरला माझ्याकडे आली. म्हणाली, “बाय, हितं हात लावून बघ.”

हात लावला आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. स्तनाचा कॅन्सर, आणि त्यातही हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा, भराभर वाढणारा प्रकार. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली, की ठरलेला डोस चुकवायचा नाही. ही गाठ कुणासाठी थांबत नाही.

आक्काच्या हातात पहिलं लाल औषध उतरताना मी तिच्याजवळ बसले होते. तिला धीर यावा म्हणून सांगितलं, की हे लाल औषध मातीतल्या एका बारीकशा जीवापासून सापडलं, आणि पुढं जे मिळणार आहे ते मुळात एका झाडाच्या सालीतून निघालं. ती बाटलीकडे बघत राहिली. “मातीतलं हाय? मंग लागू पडंल. माझा जलम मातीतच गेला की.” मी हसले. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

घरी आले की मी कॉम्प्युटर उघडून बसायची. हळद, द्राक्षाच्या बिया, सीताफळाचा पाला, कडुनिंब. प्रत्येकाबद्दल कुणीतरी लिहिलेलं असायचं की याने कॅन्सरच्या अशाच पेशी मेल्या. माझ्या स्वतःच्या एका अर्कानेही मेल्या होत्या. वाचताना आशा वाटायची, आणि मग माझी मलाच चीड यायची. काचेच्या बशीतल्या पेशी काय, साबणाच्या पाण्यानेही मरतात! माणसाच्या पोटातून, यकृतातून, रक्तातून त्या गाठीपर्यंत नेमकं किती पोचतं आणि वाटेत काय काय बिघडवतं, ते कळायला वर्षं जातात. हे मी वर्गात पोरांना सांगते. स्वतःला सांगताना जीभ अडखळत होती.

तिसऱ्या डोसच्या आधी रक्त तपासलं तर यकृताचे आकडे बरेच वाढलेले. डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला. “आमच्या औषधानेही होऊ शकतं,” ते म्हणाले, “पण बाहेरचं काही घेताय का? काढा, चूर्ण, काहीही?”

आक्काने मान खाली घातली. “न्हाई.”

मी तिची धाकटी बहीण. तिचं ‘न्हाई’ मी लहानपणापासून ओळखते. त्या दिवशी दाजीही आत येऊन शेजारी बसले होते. ते छताकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. डोस पुढं गेल्याचं समाधान! मला काही उमजेना. नुसती धास्ती वाटत राहिली.

त्यांच्याबरोबर मीही गावी गेले. सुट्टी आहे म्हणून थाप मारली. पहाटे जाग आली ती एका आवाजाने. खर्र, खर्र, खर्र. बाहेर आले तर ओट्यावर दाजी सहाणेवर एक काळसर मुळी उगाळत होते. आक्का समोर बसलेली. मी “हे काय?” म्हटलं तर दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. आक्काने वाटी तोंडाला लावली, चेहरा वाकडा केला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. दिवस उगवायच्या आत घ्यायचं, उगाळणाऱ्याने आणि पिणाऱ्याने शब्द काढायचा नाही, आणि मुळीबद्दल कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. आमच्याकडे अशी औषधं अशीच घेतात. लहानपणी काविळीला मीसुद्धा घेतलंय. म्हणून तर डॉक्टरांसमोर ती गप्प राहिली.

दाजी शेरडांकडे गेल्यावर मी आक्काला धरलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. “तुला मरायचंय का गं?”

ती शांतपणे परातीत पीठ घेत होती. “वरडू नको. कडूजहर हाय नुसतं. मला काय तेचा गुण येत न्हाई, ठावं हाय मला.”

“मग पितेस कशाला?”

“आगं, राजूरच्या डोंगरात जाऊन आनली त्यांनी. तरनेपनी तिकडं ऊसतोडीला जायचे, तवाची वळख. गुडघं दुखत्यात तरी डोंगर चढलं. दवाखान्यात त्यांना काय कळतंय? तू बोलती, डाक्टर बोलतो, ह्ये आपलं भाईर बाकड्यावर बसत्यात. रोज पहाटं ही मुळी उगाळत्यात तेवढंच त्यांच्या हातात हाय. ती बी हिसकून घिऊ का?”

राग तर होताच, पण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. आकडे उतरले नाहीत तर डोस आणखी पुढं जाणार होता. गाठ तिच्या गतीने वाढतच होती, आणि माझी बहीण नवऱ्याचं मन राखायला विषाची परीक्षा घेत बसली होती.

दुपारी मीच दाजींच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, “दाजी, मुळी थांबवायला लागेल.”

ते हसले. “आवो मॅडम, गुण आलाय. डाक्टरनी सोता डोस थांबवला न्हवं का? गरज न्हाई म्हनून तर थांबवला.”

आत्ता त्या समाधानाचा अर्थ लागला. मी सगळं सांगितलं. यकृत बिघडलंय म्हणून डोस थांबला. डोस थांबला म्हणजे गाठीला मोकळं रान मिळालं. मुळीनेच झालं की नाही हे मला ठामपणे सांगता येत नाही, पण ती चालू असेपर्यंत डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

दाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुमची औषधं बी झाडाचीच, मातीचीच म्हनत हुता. मंग ही का न्हाई?”

“असेलही हिच्यात काही,” मी म्हटलं. खोटं बोलवेना. “पण त्या सालीतलं नेमकं काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे शोधण्यात माणसांची आयुष्यं गेली. हिच्यात काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला नाही.”

ते उठले. आतून मुळी बांधलेलं फडकं आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. “तपासा तुमी. काय निगालं तर सांगा.” डोळ्यांत पाणी होतं. “मीच तिला मारत हुतो का वो?”

“नाही, दाजी. तसं नाही.” मी एवढंच म्हणाले. याहून जास्त मला तरी कुठं माहीत होतं?

आम्ही डॉक्टरांना खरं सांगितलं. पुढच्या तपासणीपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. आकडे उतरले. तिसरा डोस मिळाला. गाठीचं काय होणार ते अजून कुणी सांगू शकत नाही. पण डोस मिळाला.

डोसनंतर थोडे दिवस मी गावी तिच्याजवळ राहिले. पहिल्याच पहाटे पुन्हा तो आवाज. खर्र, खर्र. मी अंथरुणातून उडालेच. अनवाणी ओट्यावर धावले, आता यांचं काहीएक ऐकायचं नाही असं ठरवून.

दाजी सहाणेसमोर बसले होते. एका हातात चंदनाचं जुनं खोड होतं, पण ते त्यांनी सहाणेला लावलं नव्हतं. दुसऱ्या हाताने मूठभर काथ्याने ते नुसती सहाण घासत होते. घासून झाल्यावर त्यांनी बाजूच्या तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि वाटी आक्काच्या हातात दिली. ती घोट घोट प्यायली. या वेळी चेहरा वाकडा केला नाही.

वाटी रिकामी होईपर्यंत मीही थांबले. मग म्हटलं, “दाजी, पाणी उकळलेलं आहे ना?”

“उकळून गार केलंय,” ते म्हणाले. “हात ऱ्हात न्हाई वो गप. तेवढं एक चालंल का, इचारा डाक्टरला.”

मी डॉक्टरांना विचारलं नाही. ‘चालेल,’ असं मीच म्हणाले.