बिब्ब्याचे चार डाग

गल्लीत सगळे ह्यांना देवी डॉक्टर म्हणत, पण हे काही डॉक्टर नव्हते. सरकारी नोकर होते. गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर लस टोचायची, म्हणजे देवी काढायच्या, आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. तरी सोलापूरच्या आमच्या गल्लीत त्यांच्यामुळे मलाही मान होता. टोचल्यावर कुणाच्या लेकराचा दंड सुजला की बाया माझ्याकडे यायच्या आणि मी मोठ्या शहाणपणानं सांगायची, भिऊ नका. स्वतः मात्र मी भीत होते.

आमचा पहिला मुलगा देवी काढल्यावर दहाव्या दिवशी तापानं गेला. त्या महिन्यात गल्लीत तापाची साथच होती, देवी न काढलेली पोरंही गेली होती. हे मला परोपरीनं समजावत. समोर बोलत असेपर्यंत मला पटायचं. ते कामाला गेले की पटायचं नाही.

पुढे मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना ह्यांनी एका सकाळी तिला माझ्या मांडीवर धरायला लावून डाव्या दंडावर चार टोचे दिले आणि जेऊरकडच्या गावांना निघाले. पेटी उचलता उचलता म्हणाले, "आठव्या दिवशी फोड भरत्यात का बग. मी न्हाय हितं, तवा तुलाच बगाय पायजे." गाडी गाठायची घाई होती. त्यांची पाठ वळली तशी मी ओल्या पदरानं लस पुसून काढली आणि दंड दोनदा धुतला. दोन दिवसांत टोचे बुजले.

आता खूण कुठून आणायची? मी बिब्बा दिव्यावर तापवला आणि त्याच्या कातडी जाळणाऱ्या तेलाचे चार ठिपके दाभणाच्या टोकानं तिच्या दंडावर दिले. सुई टोचताना रडली नव्हती इतकी ती त्या दिवशी रडली. तिला काही होऊ नये म्हणून हे सगळं करणारी मीच होते.

तीन आठवड्यांनी हे परतले तेव्हा खपल्या धरल्या होत्या.

"फोड चांगलं भरलं व्हतं?"

"व्हय. टपोरं आलं व्हतं."

डाग जरा काळे दिसतात, एवढंच म्हणाले. माझ्या शब्दावर वहीत नोंद करून मोकळे झाले.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या साली बार्शीकडच्या खेड्यांत देवीची साथ आली. रोज नवं गाव कानावर यायचं. मी मुलीला उंबऱ्याबाहेर सोडेना तेव्हा हे हसले. "आपल्या पोरीला कसलं भ्या?" मग म्हणाले, मोहोळला तिच्या आत्याकडे चार दिवस नेऊन आणतो. मोहोळला साथ नव्हती. मी पाठवलं.

परतले त्या संध्याकाळी जेवताना हे लई खुशीत होते. "मोहोळावरनं साथीतल्या एका खेड्यात गेलो व्हतो. कोण बी दंड फुडं करंना. म्हनत्यात, आदी तुमच्या लेकीचा दावा. मग हिलाच बैलगाडीत घालून नेली की. देवी आल्याल्या घरातच हिला मांडीवर घिऊन बसलो, दंड दावला. तवा कुटं बाया लेकरं घिऊन आल्या."

"कवा?"

"परवा. आता उद्या फुडच्या गावाला बी नेतो."

मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि सांगून टाकलं. लस पुसली, फोड आलेच नाहीत, हे डाग बिब्ब्याचे आहेत.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांनी हात धुतला आणि पेटी उघडली. काचेच्या नळीत थोडी लस उरली होती. मुलीला मांडीवर घ्यायला मी पुढे झाले तर म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे." त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारली. तिनं मुलीला धरलं आणि ह्यांनी उजव्या दंडावर चार टोचे दिले.

आता टोचलेली लस आधी काम करते की परवा अंगात शिरलेली देवी, एवढंच बघायचं राहिलं होतं. रोज सकाळी हे मुलीला उजेडात नेत, कपाळ बघत, दंड बघत. आठव्या दिवशी फोड भरले. त्यानंतर चार दिवसांनी तिला ताप आला. मग कपाळावर तीन पुळ्या उठल्या. मी चूल पेटवायची विसरले. चौथी पुळी उठली नाही. तीन खड्डे राहिले आणि ती वाचली.

माझे खोटे डाग बघून त्या खेड्यातल्या बायांनी आपल्या पोरांचे दंड पुढे केले होते. त्या घरात त्या दिवशी देवी न काढलेलं एकच पोर परत निघालं, ते माझं.

पुढे मला आणखी दोन मुलं झाली. दोघांच्याही देवी ह्यांनीच काढल्या आणि आठवा दिवस उलटेपर्यंत ते गावाला गेले नाहीत.