भूक डोक्यात असते

अजून आठवलं की माझं टाळकं सटकतं. जळगावला बसस्टँडजवळच्या भरीत-भाकरीच्या गाडीवर एक बाई ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकऱ्या थापायची. अंगाने बरीच जाड. दिवसभर आम्हाला गरम गरम वाढायची आणि स्वतः मात्र दुपारी चारला, गिऱ्हाइकांकडे पाठ करून, पदराआड अर्धीच भाकरी खायची. अशी चोरून का खाते, ते मला एक दिवस कळलं.

एक गृहस्थ तिसरी भाकरी मागून घेता घेता म्हणाला, "अक्का, जरा कमी खात जा. केवढं सुटलंय अंग!"

आम्ही सगळे हसलो.

ती धुळ्याच्या डॉक्टरला दाखवून आली होती; थापता हात थांबवून म्हणाली, "भाऊ, धुयाना डाक्टरनी सांगं, भूक पोटमा नही, डोकामा ऱ्हास. पोट भरनं, हाई मना डोकामधल्या पेशीस्ले कयतच नही. त्यावर आते सुई निंघनी शे. तुमना तोंडवर निंघनी का, ते इचारी येसू."

गृहस्थाने मान खाली घातली, पण निर्लज्जासारखी चौथी भाकरी मागितलीच. तिने वाढली.

त्याचा संताप येतो. त्याहून जास्त माझा येतो. तिचीच भाकरी तोंडात असताना मी तिला हसलो होतो.