लागलंय, बाई

आमच्या शेजारच्या बाई बाहेर पडताना कुलूप सात वेळा ओढून बघत. कोपऱ्यापर्यंत जात, परत येत, पुन्हा ओढत. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत पोरांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, कुलूपबाई. मोठी माणसं मात्र जीव लावणारी. ओट्यावर जो कोणी असेल तो आपणहून सांगे, "लागलंय, बाई." मग त्यांची तेवढ्यापुरती सुटका व्हायची. मला तर ते तोंडपाठ झालं होतं.

शाळेत विज्ञान शिकवायच्या, राहायच्या एकट्या. पाहुणा येऊन गेला की सगळं घर पुन्हा तपासावं लागे, म्हणून कुणाला बोलवायचीही चोरी. हरसूलहून आई तेवढी महिन्याला यायची. मग शहरातल्या एका डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, की हा मंत्रचळ लहानपणच्या धाकातून येतो. "माझ्याच हातून चुकलं असंल," एवढं म्हातारी म्हणाली आणि पुढे यायचीच बंद झाली.

बाईंना ते पटेना. त्यांनी एक वही केली आणि स्वतःच कारण शोधायला बसल्या. मला म्हणायच्या, "अगं, एकाच आईच्या हातची आम्ही पाच भावंडं. मार सगळ्यांनी सारखाच खाल्ला. मग मलाच का?" मला काय कळणार, कपाळ! दोन वर्षं त्या नातेवाइकांना पत्रं लिहीत होत्या. शेवटी आत्याचं उत्तर आलं. वडिलांचे काका बैलाचं दावं नीट बांधलंय का हे बघायला वाटेतून चारचारदा परत फिरायचे, आणि त्यांची मुलगी विझलेली चूल चाचपत बसायची. त्या दोघांना काही बाईंच्या आईनं वाढवलं नव्हतं.

बाईंचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. "हे रक्तातूनही येत असणार. आईला आजच सांगते," म्हणाल्या. निघताना मला बजावलं, "मी परत आले तर मला सरळ हाकलून दे."

त्या चार वेळा परत आल्या. मला मेलीला दया आली. प्रत्येक वेळी कुलूप ओढू दिलं आणि "लागलंय, बाई" म्हणत राहिले. हरसूलची शेवटची गाडी चुकली. माझी ती दया मला अजून खाते.

सकाळी त्या निघायच्या आतच हरसूलहून त्यांचा भाऊ दारात आला. त्याचं तोंड बघूनच त्या समजल्या. तशाच त्याच्यामागून चालू लागल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. वही टेबलावर, दार सताड उघडं.

कुलूप मी लावलं.