लक्षणीय सुधारणा झाली!

शिक्षकांचे अहवाल तपासणाऱ्याच्या कपाटात अहवाल साठतात आणि डोक्यात किस्से. अहवाल रद्दीत घालता येतात. किस्से कुठे घालणार? नव्वदनंतरची काही वर्षं मी जळगावात बसून धुळे-जळगावकडच्या शिक्षकांना कृतिसंशोधन शिकवत होतो. म्हणजे काय, तर शिक्षकानं आपल्याच वर्गातली एक अडचण निवडायची, तिच्यावर उपाय करून बघायचा आणि काय झालं ते खरं खरं लिहायचं. मला त्यातलं 'खरं खरं' एवढंच हवं होतं. नेमकं तेवढंच मिळत नव्हतं!

*

पहिली बैठक अमळनेरला. तासभर घसा फोडून सांगितलं. मग मागच्या बाकावरून एक पोक्त गुरुजी उठले. सगळे त्यांना नाना म्हणत.

"सर, समस्या कोणती घ्यायची त्याचं पत्र वरून येईल ना?"

म्हटलं, "नाना, पत्र कसलं? तुमच्या वर्गात काय अडतं ते तुम्हीच सांगा."

"आमच्या वर्गात काहीच अडत नाही. मागच्या महिन्यात साहेब तपासणीला आले होते. शेरेबुकात तसं लिहून गेलेत!"

*

तरी अहवाल आले. गठ्ठ्यानं आले. सगळ्यांचा शेवट एकच: 'उपक्रमामुळे विद्यार्थ्यांत लक्षणीय सुधारणा झाली.' एकात तर आभार भलत्याच गावच्या हेडमास्तरांचे! गुरुजींना बोलावून जाब विचारला. ते जराही गांगरले नाहीत.

"सर, अहवाल त्यांनीच तर दिला उतरवायला. मग आभार नको मानायला?"



*

असोद्याकडच्या एका शाळेत गुरुजींनी मोठ्या हौसेनं दोन चाचण्यांचे पेपर दाखवले. उपायाआधीच्या चाचणीत झाडून सगळे नापास, नंतरच्या चाचणीत सगळे पास. मी पाठ थोपटणार, तोच ते हळूच म्हणाले, "पहिल्या पेपरात मीच चुकायला सांगितलं होतं, सर. नाहीतर सुधारणा दाखवू कशी? एक पोरगी मात्र रडायला लागली. पाढा येत होता तिला, चुकीचा लिहवेना."

हा किस्सा मी हसत सांगतो. पण त्या दिवशी परतीच्या एस्टीत मला फार वाईट वाटलं. त्या पोरीला रडवलं ते माझ्या संशोधनानं.

*

एकदा मात्र खरा अहवाल आला. धुळ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'तीन महिने गोष्टी सांगून पाहिल्या. वाचनात मुलं होती तिथंच आहेत. उपाय फसला.' मला नाचावंसं वाटलं! अहवाल वर गेला आणि आमच्या साहेबांची लाल शाई लावून परत आला: 'निष्कर्ष बदलून पुन्हा सादर करावा.'

मी भांडायला गेलो. "साहेब, उपाय फसला हेही संशोधनच असतं!"

"असेल. पण फसलेल्यासाठी आपल्या तक्त्यात रकाना नाही."

बाईंनी माझ्यासमोर बसून मुकाट्यानं ती ओळ खोडली आणि 'लक्षणीय सुधारणा' लिहिली. मी काही बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते. त्याच दिवशी ठरवलं, यापुढे खरा अहवाल आला तर एक अक्षर न बदलता सही करून वर पाठवायचा. साहेब काय वाट्टेल ते करोत!

*

तसा अहवाल यायला दीड वर्ष लागलं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक शाळा. चारही वर्गांना मिळून एकच शिक्षक. ते तरुण गुरुजी स्वतः अहवाल घेऊन आले. विषय होता, पोरं शाळा का बुडवतात?

गडी प्रामाणिक! वर्षभर रोज कारण विचारून त्या कारणापुढे एकेक रेघ ओढलेली. कापूसवेचणी, धाकटं भावंड सांभाळणं, ताप, लग्न, बाजार. कुणाची नक्कल नाही, कुठं सुधारणा नाही. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "गुरुजी, इतकी वर्षं मी हेच मागत होतो!"

गुरुजी लाजले.

मी पान उलटलं. सगळ्यात जास्त रेघा शेवटच्या कारणापुढे होत्या, पार कडेपर्यंत गेलेल्या. चष्मा पुसून वाचलं:

'शाळा बंद. गुरुजी कृतिसंशोधनाच्या बैठकीला जळगावी.'

गुरुजींनी खालची मार्गदर्शकाच्या सहीची जागा बोटानं दाखवली.

"इथं, सर. आन् पुढली बैठक कधी शे?"